लेक्सर चुकीचे तुकडे पाडतोय? ग्रामरला हात लावण्याआधी हे तपासा

लेक्सर म्हणजे सोर्स कोडचे टोकन नावाचे छोटे तुकडे पाडणारा भाग; पार्सर ते तुकडे भाषेच्या ग्रामरशी, म्हणजे रचनेच्या नियमांशी, ताडून बघतो. कंपाइलरच्या प्रॅक्टिकलमध्ये, किंवा कुणी हौसेने स्वतःची छोटी भाषा करायला घेतली की, एक तक्रार हमखास येते: ग्रामर दहादा तपासलं, बरोबर आहे, तरी सिंटॅक्स एरर जात नाही. मग बायसन या पार्सर बनवून देणाऱ्या साधनाच्या फाइलीत नियमांची उलथापालथ सुरू होते आणि एरर एका ओळीवरून उठून दुसऱ्या ओळीवर जाऊन बसतो. अशा वेळी ग्रामर बहुधा खरंच बरोबर असतं. पार्सरच्या हाती पडणारी टोकनंच चुकीची असतात. लेक्सरची अडचण ही की तो चुकला तरी स्वतः काही बोलत नाही. ओरडतो तो पार्सर, तोही दोन-तीन टोकनं पुढे सरकल्यावर. म्हणून एररमध्ये दिसणारी ओळ एक आणि खरा घोटाळा भलतीकडेच, असं होतं.

माझा आग्रह एकच आहे: पार्सर बाजूला ठेवा, लेक्सर एकटा चालवा आणि प्रत्येक टोकन छापा. नुसता टोकनचा प्रकार छापून भागत नाही. प्रकार, मजकूर, ओळ, सुरुवातीची जागा आणि शेवटची जागा, एवढं सगळं हवं. मजकूर दोन खुणांच्या मध्ये छापा, म्हणजे चुकून आत शिरलेली स्पेस किंवा नवी ओळ डोळ्यांना दिसते. उदाहरणार्थ, बाकी = ५-३ या ओळीवर एखाद्या लेक्सरने असं काही छापलं समजा:

नाव «बाकी» ०–४
बरोबर «=» ५–६
संख्या «५» ७–८
संख्या «-३» ८–१०

आता एरर कुठून येतो ते विचारायलाच नको. वजाबाकीचं चिन्ह संख्येने गिळलं, पार्सरला दोन संख्या शेजारीशेजारी मिळाल्या आणि मध्ये ऑपरेटर नाही म्हणून तो अडला. संख्येच्या नियमात सुरुवातीला ऐच्छिक उणे चिन्ह घातलं की हे होणारच. गंमत अशी की ५ - ३ असं स्पेस देऊन लिहिलं तर सगळं नीट चालतं, त्यामुळे कारण लवकर लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे: उणे चिन्ह कायम वेगळं टोकन ठेवा, ऋण संख्या बनवणं पार्सरवर सोडा. सी भाषेनेही हेच केलं आहे, तिथे ऋण संख्येचं लिटरल, म्हणजे कोडमध्ये थेट लिहिलेलं मूल्य, मुळात नाहीच. हेडर फाइलीत सर्वांत लहान इंट थेट -२१४७४८३६४८ असा न लिहिता (-२१४७४८३६४७ - १) असा लिहिलेला दिसतो तो याचमुळे, कारण उणे वगळून उरलेला आकडा ३२ बिटांच्या इंटमध्ये मावत नाही.

दुसरी चाचणी मला सगळ्यांत मोलाची वाटते. व्हाइटस्पेस आणि कॉमेंट यांनाही तात्पुरतं टोकन माना आणि सगळ्या टोकनांचा मजकूर क्रमाने जोडा. जे तयार होईल ते मूळ फाइलशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. एकाचा शेवट तीच पुढच्याची सुरुवात. हे तपासणारं फंक्शन दहा-बारा ओळींत होतं आणि ते कायम टेस्टमध्ये ठेवावं. कारण त्यातून लगेच दोन वाटा फुटतात. जुळलं नाही, तर कुठेतरी कॅरेक्टर हरवतंय किंवा दोनदा वाचलं जातंय. जुळलं, तरी एरर आहे, तर कॅरेक्टर सगळी हजर आहेत, फक्त काप चुकीच्या जागी पडतोय. या दोन्हींची कारणं अगदी वेगळी असतात.

कॅरेक्टर हरवत असेल तर

पायथनमध्ये लेक्सर लिहिणाऱ्यांकडे हरवण्याचं पहिलं कारण म्हणजे रेजेक्सचं, म्हणजे मजकुरात पॅटर्न शोधणाऱ्या मॉड्यूलचं, फाइंडइटर. हे फंक्शन जुळणारे तुकडे एकामागून एक देतं, पण जे जुळत नाही ते मुकाट्याने ओलांडून पुढे जातं. तुमच्या नियमांत @ नसेल आणि सोर्समध्ये @ आला, तर तो नाहीसाच होतो. एरर नाही, इशारा नाही. त्यासाठी सगळ्या नियमांच्या शेवटी 'कोणतंही एक कॅरेक्टर' असा नियम ठेवा आणि तो लागला की थांबून एरर द्या. किंवा फाइंडइटर सोडून द्या, मॅच वापरून आपली जागा आपणच पुढे न्या. जुळलं नाही की लगेच कळतं.

सी मध्ये हाताने लिहिलेल्या लेक्सरचा रोग वेगळा. नाव वाचताना अक्षरं संपली हे कळायला पुढचं एक कॅरेक्टर वाचावंच लागतं. मोज(क) मधलं नाव संपलं हे ( वाचल्यावर कळतं. ते कॅरेक्टर परत न ठेवता फंक्शन परत आलं, की कंस गेला. मग मोज (क) स्पेस देऊन चालतं आणि मोज(क) चालत नाही, कारण पहिल्यात स्पेस हरवली, जिची कुणाला गरजच नव्हती. 'स्पेस दिली की चालतं' हे वाक्य ऐकलं की निम्मं निदान झालं समजा: एक तर पुढचं कॅरेक्टर खाल्लं जातंय, नाहीतर वर सांगितलेला उणे चिन्हासारखा प्रकार आहे.

फाइलमधलं शेवटचं टोकनच येत नसेल, तर फाइलच्या शेवटी एक नवी ओळ घालून बघा. ती घातल्यावर टोकन आलं, तर तुमचा लूप फाइल संपताच बाहेर पडतोय आणि हातात जमा झालेलं नाव किंवा संख्या द्यायची राहून जातेय. फाइलचा शेवट हीसुद्धा टोकन संपल्याची खूणच आहे. स्पेस आल्यावर जे करता तेच तिथेही करायचं.

आणि एक जुनंच दुखणं. सी मधल्या गेटचारने परत दिलेलं मूल्य 'चार' (char) या प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवू नका, इंटमध्ये (int) ठेवा. फाइल संपल्याची खूण बहुतेक ठिकाणी -१ असते. चार जिथे चिन्हविरहित आहे तिथे तो -१ कधी दिसतच नाही आणि प्रोग्राम फिरत राहतो. साध्या लॅपटॉपवर नीट चालणारा लेक्सर रास्पबेरी पायवर अडकतो, त्याचं कारण बहुधा हेच: तिथे लिनक्सवर साधा चार चिन्हविरहित धरला जातो. उलट जिथे चार चिन्हसहित आहे, तिथे २५५ मूल्याचा बाइट आला की फाइल मध्येच संपल्यासारखी वाटते.

काप चुकीच्या जागी पडत असेल तर

जुळणाऱ्या नियमांपैकी कोणता निवडायचा, याचे दोन वेगळे रिवाज आहेत, आणि एकाची सवय घेऊन दुसरीकडे गेलेला माणूस हमखास फसतो. बेल लॅबमध्ये माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी १९७५ मध्ये लेक्स हे लेक्सर बनवून देणारं साधन मांडलं. त्याचा नियम असा: जो पॅटर्न सगळ्यांत लांब जुळेल तो घ्या, लांबी सारखी असेल तर फाइलीत जो आधी लिहिला आहे तो घ्या. त्याच धर्तीवर नंतर आलेल्या फ्लेक्सनेही तोच नियम ठेवला. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्टच्या रेजेक्समध्ये मात्र उभ्या रेघेने जोडलेल्या पर्यायांपैकी डावीकडून जो पहिला जुळेल तो घेतला जातो, पुढचा कितीही लांब जुळत असला तरी. म्हणून तिथे < हा <= च्या आधी लिहिला, तर <= कधीच मिळणार नाही; < आणि = असे दोन तुकडे येतील. ऑपरेटरांची यादी लांबीच्या उतरत्या क्रमाने लावून मगच रेजेक्स बनवा, हातानं क्रम सांभाळत बसू नका.

फ्लेक्समध्ये उलटा प्रश्न येतो. नावाचा नियम आधी आणि कीवर्डचा नंतर लिहिला, तर लांबी सारखी म्हणून नावच जिंकतं आणि कीवर्ड कधीच मिळत नाही. फ्लेक्स त्याबद्दल इशारा देतो की अमुक ओळीवरचा नियम कधीच जुळू शकणार नाही. तो इशारा प्रोग्राम बांधणाऱ्या मेक कमांडच्या आउटपुटच्या गर्दीत वाहून जातो. फ्लेक्सचा एकही इशारा वाचल्याशिवाय सोडू नका, तिथे फुकटचे इशारे सहसा नसतात.

कीवर्डसाठी माझं मत स्पष्ट आहे: त्यांच्यासाठी पॅटर्न लिहूच नका. आधी पूर्ण नाव वाचा, मग ते कीवर्डच्या टेबलमध्ये आहे का ते बघा. असेल तर कीवर्ड, नसेल तर नाव. नियमांच्या क्रमाची भानगडच उरत नाही, आणि कीवर्डने सुरू होणाऱ्या लांब नावांचे दोन तुकडे होण्याचा प्रश्नही मिटतो.

दशांश बिंदूचं प्रकरण जरा सविस्तर बघण्यासारखं आहे. पास्कलमध्ये १..१० अशी मर्यादा लिहितात, रस्टमध्येही १..१० चालतं. तुमच्या भाषेतही अशी सोय असेल तर संख्या वाचणारं फंक्शन काय करतं ते पाऊल-पाऊल बघा. ते १ वाचतं. पुढे बिंदू दिसतो, म्हणून दशांश समजून बिंदूही वाचतं. त्याच्या पुढे आकडा हवा होता, पण दुसरा बिंदू निघाला. आता संख्या नुसती १ होती हे कळलं, पण हातात दोन जास्तीची कॅरेक्टर आलेली आहेत आणि दोन्ही परत ठेवायला हवीत. सी मधलं अनगेटसी एकच कॅरेक्टर परत ठेवण्याची हमी देतं. दुसरं ठेवता आलं तर ते त्या यंत्रणेची मेहेरबानी, उद्या दुसऱ्या मशीनवर चालेलच असं नाही. इथेच कित्येक लेक्सर १. आणि .१० असे तुकडे पाडतात किंवा एक बिंदू गमावतात.

यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे पूर्ण फाइल एकदम मेमरीत घ्यायची आणि जागा दाखवणारा एक आकडा पुढे न्यायचा. मग परत ठेवणं हा प्रकारच राहत नाही. बिंदू दिसला की त्याच्या पुढचं कॅरेक्टर नुसतं डोकावून बघायचं. आकडा असेल तरच बिंदू संख्येत घ्यायचा. सोर्स फाइली काही मेगाबाइटच्या वर क्वचितच जातात, मेमरीची काटकसर करण्याचे दिवस या कामापुरते तरी गेले. बिंदूनंतर मेथडचं नाव येऊ शकत असेल तर तेही आत्ताच ठरवा. जावास्क्रिप्टमध्ये ५ या आकड्याला बिंदू लावून लगेच मेथडचं नाव लिहिलं तर सिंटॅक्स एरर येतो, कारण लेक्सर तो बिंदू दशांश म्हणून संख्येतच घेतो. दोन बिंदू दिले की चालतं. रस्टने उलट ठरवलं: बिंदूच्या पुढे नावाचं पहिलं अक्षर असेल तर बिंदू संख्येचा नाही.

कॉमेंटचे नेहमीचे दोन प्रकार आहेत. पहिला फ्लेक्सवाल्यांचा. /* पासून */ पर्यंत काहीही, असा पॅटर्न लिहिला की आधी तो अनेक ओळींच्या कॉमेंटवर चालत नाही, कारण फ्लेक्समधला बिंदू नव्या ओळीला जुळत नाही. मग नवी ओळही घेणारा पॅटर्न लिहिला जातो आणि पहिल्या कॉमेंटपासून फाइलमधल्या शेवटच्या */ पर्यंत सगळा प्रोग्राम कॉमेंटमध्ये जातो. सर्वांत लांब जुळणारं घ्यायचं हाच तर नियम आहे, फ्लेक्स त्याचं काम चोख करतोय. कमीत कमी जुळवणारा प्रश्नचिन्हाचा प्रकार फ्लेक्समध्ये नाही. त्यासाठी स्टार्ट कंडिशन वापरा: /* दिसलं की कॉमेंटच्या अवस्थेत जा, तिथे ओळी मोजत राहा, */ आलं की मूळ अवस्थेत या. फाइल त्याच अवस्थेत संपली, तर कॉमेंट कोणत्या ओळीवर सुरू झाली होती ती ओळ एररमध्ये सांगा. शेवटची ओळ सांगून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

दुसरा प्रकार हाताने लिहिणाऱ्यांचा, आणि तो फक्त कधीतरीच दिसतो म्हणून जास्त त्रास देतो. कोड असा असतो: * दिसला तर पुढचं कॅरेक्टर वाच, ते / असेल तर कॉमेंट संपली, नसेल तर दोन्ही सोडून पुढे चल. आता /* टीप **/ ही कॉमेंट द्या. पहिला * आला, पुढचं कॅरेक्टर / नाही, दुसरा * आहे, म्हणून दोन्ही सोडले. पुढे एकटा / उरला, त्याला काही अर्थ नाही. कॉमेंट संपलीच नाही. चौकटीसारख्या ताऱ्यांच्या रांगा काढायची सवय असलेल्यांच्या फाइली अशाच फुटतात, आणि तेही ताऱ्यांची संख्या सम असेल तरच. * नंतर पुन्हा * आला, तर 'तारा पाहिला' याच अवस्थेत थांबायचं, एवढाच बदल करावा लागतो.

नावं देवनागरीत असतील तर

जर, तर, नाहीतर असे कीवर्ड घेऊन मराठी भाषा बनवण्याचे प्रकल्प कॉलेजांमधून होत असतात, आणि ते व्हावेतच असं मला मनापासून वाटतं. पण त्यांतले बरेच एका ठरावीक ठिकाणी अडतात. पायथनच्या मूळ रेजेक्स मॉड्यूलमध्ये 'शब्दातलं कॅरेक्टर' म्हणजे युनिकोडनुसार अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि हलन्त हे युनिकोडच्या हिशेबात अक्षर नाहीत, जोडचिन्हं आहेत. त्यामुळे किंमत या नावातलं क तेवढं जुळतं आणि पहिल्याच वेलांटीवर लेक्सर थांबतो.

याहून फसवी गोष्ट शब्दाच्या सीमेची. कीवर्डचे तुकडे होऊ नयेत म्हणून जर च्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण लावायची, हा सल्ला इंग्रजी कीवर्डना लागू पडतो. जरी नावाचं व्हेरिएबल घ्या. त्यात ज, र आणि दीर्घ वेलांटी अशी तीन कॅरेक्टर आहेत. वेलांटी शब्दातलं कॅरेक्टर नाही म्हटल्यावर र नंतर शब्द संपला असं रेजेक्स मानतो. म्हणजे सीमा लावूनही टोकनं अशी येतात:

कीवर्ड «जर» ०–२
अज्ञात «ी» २–३

जरा, जरी, तरी, सगळ्यांची हीच गत. उपाय दोन. पायपीआय या पायथन पॅकेजांच्या साठ्यात रेजेक्स याच नावाचं वेगळं मॉड्यूल मिळतं, त्यात जोडचिन्हं शब्दात धरली जातात. किंवा पायथनच्या स्ट्रिंगवरचं इझआयडेंटिफायर वापरा: कॅरेक्टरच्या आधी एक अंडरस्कोर जोडून ते विचारलं, की ते कॅरेक्टर नावाच्या मध्ये चालतं का याचं उत्तर मिळतं. पायथन ३ स्वतःच्या सोर्समध्ये देवनागरी नावं याच नियमांनी स्वीकारतो, तेव्हा हे नियम पारखलेले आहेत.

फ्लेक्सची गोष्ट वेगळी, तो बाइटच्या पातळीवर चालतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर तीन बाइटचं. चौकटी कंसात क पासून ह पर्यंत असा पल्ला लिहिला तर फ्लेक्सला तो सुट्या बाइटांचा गोंधळ दिसतो. तिथे १२८ ते २५५ पर्यंतचा कोणताही बाइट नावात चालेल असं म्हणा आणि पूर्ण नाव हातात आल्यावर ते वैध आहे का ते वेगळं तपासा. सी मध्ये इझअल्फा वापरत असाल, तर त्याला चार थेट देऊ नका, आधी अनसाइन्ड चार करून द्या. देवनागरीचे बाइट चिन्हसहित चारमध्ये ऋण होतात, आणि ऋण मूल्य दिल्यावर काय होईल याची सी भाषा हमी देत नाही.

एररखाली बाण काढत असाल तर जागा कशात मोजताय ते ठरवा. किंमत हा शब्द पडद्यावर तीन अक्षरांचा, युनिकोडमध्ये पाच कॅरेक्टरांचा आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइटांचा आहे. बाइट मोजून काढलेला बाण पार पुढच्या शब्दाखाली जातो.

मराठी टंकलेखनातल्या दोन गोष्टी खास सांभाळाव्या लागतात. एक विसर्ग. कोलनच्या जागी विसर्ग टंकला गेला तरी नजरेला फरक कळत नाही. पण विसर्ग नावाचा भाग होऊ शकतो. 'नाहीतर' या कीवर्डनंतर कोलनऐवजी विसर्ग पडला, की विसर्गासकट पूर्ण शब्द एकच नाव होतो, कीवर्डच्या टेबलमध्ये सापडत नाही आणि एरर भलतीकडेच येतो. विसर्गाने संपणारं नाव विसर्ग काढल्यावर कीवर्ड ठरत असेल, तर तिथे कोलन हवा होता का, असं लेक्सरने सरळ विचारावं.

दुसरी गोष्ट वऱ्हाड, दऱ्या अशा शब्दांतल्या अर्ध्या र ची. काही कीबोर्ड तो ऱ आणि हलन्त असा देतात, काही र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर असा. दिसायला दोन्ही सारखे, लेक्सरला दोन वेगळी नावं. एकाच मजकुराची वेगवेगळी युनिकोड रूपं एक करणाऱ्या नेहमीच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने ही जोडी एक होत नाही. शिवाय जॉइनर हा नावात चालणाऱ्या कॅरेक्टरांच्या ठरलेल्या यादीत नाही, म्हणून पायथन तो सरळ नाकारतो. तुमच्या भाषेत तो स्वीकारायचा असेल, तर सिंबॉल टेबलमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या नावांच्या नोंदवहीत, नाव टाकताना दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्या. हा बदल टेबलसाठीच करा. टोकनचा मूळ मजकूर आहे तसा ठेवा, नाहीतर जोडून बघण्याची चाचणी निकामी होईल.

अंकांबद्दल थोडक्यात. पायथनचं इझडिजिट वापरून संख्या ओळखू नका. वर्गाचा लहान ² सुद्धा त्याला अंक वाटतो आणि पुढे इंटमध्ये बदलताना प्रोग्राम कोसळतो. इझडेसिमल वापरा. ते देवनागरी अंकांना हो म्हणतं, आणि इंट फंक्शन १२ चं बारा बरोबर करतं. मात्र एकाच संख्येत देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळलेले असले तरी ते चालवून घेतं. तुमच्या भाषेत हे चालणार नसेल तर लेक्सरमध्येच अडवा.

फ्लेक्स वापरत असाल तर

सिंबॉल टेबलमध्ये सगळी नावं एकसारखीच दिसत असतील, किंवा नावाच्या जागी ओळीचा उरलेला भाग येत असेल, तर वायवायटेक्स्टचा, म्हणजे फ्लेक्स चालू टोकनचा मजकूर जिथे देतो त्याचा, पॉइंटर तुम्ही जसाच्या तसा साठवला आहे. वायवायटेक्स्ट फ्लेक्सच्या बफरमध्ये बोट दाखवतो आणि पुढचं टोकन वाचताच तिथला मजकूर बदलतो. बायसन अनेकदा एक टोकन पुढे वाचून मगच तुमची अॅक्शन, म्हणजे नियमासोबत लिहिलेला कोड, चालवतो, म्हणून लेक्सर एकटा चालवला की नावं बरोबर दिसतात आणि पार्सर जोडला की बिघडतात. लेक्सरच्या अॅक्शनमध्येच एसटीआरडपने प्रत घ्या आणि ती पार्सरला द्या.

आउटपुटमध्ये मधूनच सोर्समधली अक्षरं सांडलेली दिसली, तर ती कुठल्याच नियमाला जुळली नाहीत. फ्लेक्स अशी कॅरेक्टर मुकाट पडद्यावर छापतो. शेवटी नुसत्या बिंदूचा नियम ठेवून एरर द्या, आणि हे वर्तन बंद करणारा नोडिफॉल्ट पर्यायही लावा. वायवायरॅप सापडत नाही असं लिंकर म्हणाला तर नोवायवायरॅप पर्याय लावला की झालं. पॅटर्नमध्ये स्पेस हवी असेल तर ती अवतरणात घाला, कारण मोकळी स्पेस दिसली की फ्लेक्सच्या मते पॅटर्न तिथेच संपतो. आणि कोणता नियम कुठे लागतोय हे कळतच नसेल, तर फ्लेक्सला डीबगचा -डी पर्याय द्या. प्रत्येक टोकनमागे कोणत्या ओळीवरचा नियम लागला ते तो छापतो.

पीडीएफमधून आणलेला कोड

पहिल्याच ओळीच्या पहिल्याच जागी अज्ञात कॅरेक्टर असा एरर आला, तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही न दिसणारी युनिकोडची खूण आहे, म्हणजे २३९, १८७ आणि १९१ हे तीन बाइट. ते ओलांडून पुढे जा. प्रत्येक ओळीच्या शेवटी अज्ञात कॅरेक्टर आलं, तर फाइल विंडोजवर बनलेली आहे आणि नव्या ओळीआधीचा कॅरेज रिटर्न तुमच्या व्हाइटस्पेसमध्ये नाही. लॅब मॅन्युअलच्या पीडीएफमधून कोड उचलला तर सरळ अवतरणांच्या जागी वळणदार अवतरणं येतात, साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस येते. म्हणून अज्ञात कॅरेक्टरच्या एररमध्ये ते कॅरेक्टर छापून थांबू नका, त्याचा युनिकोड क्रमांकही छापा. न दिसणाऱ्या गोष्टीचा शोध क्रमांकाशिवाय लागत नाही.

लेक्सर बरोबर असूनही एरर येत असेल तर

कधीकधी टोकनं नियमाप्रमाणेच पडलेली असतात. सी मध्ये क+++++ख लिहिलं, तर सर्वांत लांब तुकड्याच्या नियमाने ++, ++, + असे तुकडे होतात आणि एरर येतो. क++ + ++ख असा अर्थ लागला असता, पण तो शोधणं लेक्सरचं काम नाही. क/*ख मध्ये भागाकार आणि पॉइंटर अभिप्रेत असला तरी तिथे कॉमेंटच सुरू होते. सी++ मध्ये २०११ च्या प्रमाणापर्यंत एकात एक टेम्प्लेट लिहिताना शेवटच्या दोन > मध्ये स्पेस द्यावी लागायची, नाहीतर तो >> हा शिफ्ट ऑपरेटर ठरायचा. सी++११ मध्ये भाषेचा नियमच बदलला. आणि सी मध्ये क * ख; असं लिहिलं, तर हा गुणाकार की ख नावाच्या पॉइंटरची घोषणा, हे क हा प्रकार आहे का ते माहीत असल्याशिवाय ठरत नाही. तिथे सिंबॉल टेबलमधली माहिती लेक्सरपर्यंत आणावी लागते. हा अपवाद सोडला, तर अशा जागी लेक्सरमध्ये ठिगळं लावू नका. आधी भाषेचा नियम काय म्हणतो ते वाचा आणि बदल करायचाच असेल तर तो पार्सरमध्ये करा.

एवढं करूनही अडलात आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर पूर्ण प्रोजेक्ट झिप करून पाठवू नका. एरर येणारा सोर्स कापत कापत एक-दोन ओळींवर आणा. त्यावरची टोकनांची यादी जागांसकट द्या, आणि त्याच ओळींचे बाइट एक्सएक्सडी किंवा हेक्सडंप या बाइट दाखवणाऱ्या कमांडने काढून सोबत जोडा. त्या ओळी स्क्रीनशॉट काढून नव्हे, मजकूर म्हणून पाठवा. चित्रातून विसर्ग आणि कोलन वेगळे करता येत नाहीत.